जमशेदपूरचं लोखंड अमेरिकनांनी शोधलं? मग प्रमथनाथ बोस कोण होते?

"टाटांनी अमेरिकेतून तज्ज्ञ आणले, त्यांनी जंगलं पालथी घालून लोखंड शोधलं, आपल्याकडे तेव्हा ते ज्ञान होतंच कुठे?" हा मजकूर सतत पुढे ढकलला जातो. दरवेळी वाचून जीव तुटतो.

तज्ज्ञ आले होते, हे खरं. पेरिन आणि वेल्ड. वेल्ड आणि दोराबजी टाटा आधी आपल्या चांदा (आजच्या चंद्रपूर) जिल्ह्यात हिंडले. तिथे मोठ्या कारखान्याचं जमेना, म्हणून शोध थांबवतोय असं सांगायला ते नागपूरला गेले. तिथे दोराबजी सहज संग्रहालयात शिरले, नागपूरकरांच्या अजबबंगल्यात. समोर मध्य प्रांताचा रंगीत भूशास्त्रीय नकाशा होता आणि दुर्ग जिल्ह्यावर लोखंडाची गडद खूण. त्या भागाची पाहणी भूवैज्ञानिक प्रमथनाथ बोस यांनी १८८७च्या सुमारास केली होती. त्या खुणेवरूनच वेल्ड धल्ली-राजहऱ्याच्या डोंगरांवर पोचले. म्हणजे वाट दाखवली कुणी?

तिथे खनिज भरपूर, पण कारखान्याला लागणारं पाणी जवळ नव्हतं. (पुढे भिलाईचा कारखाना याच डोंगरांवर चालला.) मग कामी आलं बोस यांचंच पत्र. २४ फेब्रुवारी १९०४ रोजी त्यांनी जमशेदजींना कळवलं होतं की मयूरभंज संस्थानात (आजच्या ओडिशात) गोरुमहिसानीला उत्तम लोखंड आहे. पेरिन आणि वेल्ड यांनी ते तपासलं, मापलं, कारखान्याच्या दृष्टीने पारखलं. ते काम मोठंच होतं. पण त्याला शोध म्हणू नका.

आता ते "ज्ञान होतंच कुठे". बोस लंडनमध्ये शिकले आणि १८८०मध्ये भूवैज्ञानिक सर्वेक्षण खात्यात अधिकारी झाले. नर्मदेच्या खोऱ्यावरचा त्यांचा ग्रंथ १८८४चा. ज्ञान होतं, मान नव्हता. १९०३मध्ये संचालकपद आलं, तेव्हा त्यांच्यानंतर दहा वर्षांनी खात्यात आलेल्या हॉलंड यांना ते दिलं. बोस यांनी नोकरी सोडली आणि मयूरभंजच्या महाराजांकडे गेले. ते पत्र तिथूनच निघालं.

यात जमशेदजींचं काही कमी होत नाही. पत्रानंतर तीन महिन्यांच्या आतच, १९ मे १९०४ला, ते वारले. १९०७मध्ये टाटांची पोलाद कंपनी स्थापन झाली, १९१२मध्ये साकचीला, म्हणजे आजच्या जमशेदपूरला, पोलाद निघालं. खनिज गोरुमहिसानीचं होतं.