‘छोटा पिंजरा गळ्यात मारला’ या एक स्टारच्या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार ताई,

तुमचा रिव्ह्यू वाचला. पिल्लाला शिकवायला येणारा आमचा मुलगा तुमच्याकडे दोनदा उशिरा पोचला, एकदा तर पाऊण तास. द्वारका चौकात अडकला होता हे खरं, पण तुम्ही ऑफिसमधून लवकर निघून घरी थांबला होतात. चूक आमची. मनापासून माफी मागतो.

पुढचं मात्र असंच सोडवत नाही. तुम्ही लिहिलंय, ‘जिवाला हलता येणार नाही एवढा पिंजरा गळ्यात मारला, ४,५०० रुपये पाण्यात गेले, तीन आठवडे झाले तरी पॉम (पॉमेरेनियन पिल्लू) रात्री भुंकतो आणि आतच घाण करतो.’ इंदिरानगर, सिडको, पाथर्डी फाटा या भागातली आमची जवळजवळ सगळी कामं एकाने दुसऱ्याला सांगून येतात, आणि आता लोक आधी हे पान उघडतात. म्हणून लांबलं तरी लिहितो.

क्रेटचं, म्हणजे त्या पिंजऱ्याचं, माप अंदाजाने दिलं नव्हतं. तुमच्या हॉलमध्ये, तुमच्यासमोर टेप लावली होती. नाकाच्या टोकापासून शेपटीच्या मुळापर्यंत १५ इंच, बसल्यावर जमिनीपासून डोक्यापर्यंत १२ इंच. यात तीन-चार इंच मिळवायचे. कुत्रा उभा राहिला पाहिजे, जागेवर वळला पाहिजे, पाय पसरून झोपला पाहिजे, एवढी जागा बास. त्या हिशोबाने १९ इंच लांबी पुरली असती. पिल्लू पाच महिन्यांचं आहे, अजून थोडं वाढेल, म्हणून आम्ही २४ इंची दिला, १८ इंच रुंदीचा. रिव्ह्यूला तुम्ही जो फोटो जोडलाय त्यात तो कोपऱ्यात मुटकुळं करून झोपलाय आणि त्याच्या पाठीमागे वीतभर जागा रिकामी दिसते. जागा नाही म्हणून तो आखडलेला नाही. डिसेंबरात नाशिकची थंडी पडली की कुत्री नाक शेपटीत खुपसून अशीच झोपतात.

चौथ्या भेटीला आलो तेव्हा आमचा क्रेट परत द्यायला काढून ठेवलेला होता आणि त्या जागी ऑनलाइन मागवलेला ३६ इंची आलेला. ते माप लॅब्राडॉरच्या वाढत्या पिल्लाचं, ३ किलोच्या पॉमचं नाही. त्यात एका टोकाला गादी आणि दुसऱ्या टोकाला शू-पॅड पसरलेलं. आता यात पिल्लाचा काय दोष? कुत्रा आपलं अंथरूण ओलं करायला नाखूश असतो, क्रेटचं सगळं शिक्षण याच एका सवयीवर उभं आहे. जागा नेमकी असेल तर तो धरून ठेवतो, धरवेना झालं की कुरकुरतो, आणि ती कुरकुर ऐकून आपण उठतो. क्रेट मोठा केला की मागे जाऊन शू करता येते आणि पुढे येऊन कोरड्यात झोपता येतं. वर पॅड ठेवलं की आपणच त्याला सांगतो, इथेच कर. ‘आतच घाण करतो’ हे तुम्ही खरं लिहिलंत, पण ते चौथ्या भेटीनंतरचं आहे. आधीच्या पाच रात्रींत तो दोनदाच चुकला होता, हे तुमच्याच मेसेजमध्ये आहे.

आणि गळ्यात मारला म्हणाल, तर क्रेट परत घेऊन त्याचे २,८०० रुपये आम्ही त्याच दिवशी दिले. एक रुपया कापला नाही. तेवढं तरी रिव्ह्यूत यायला हवं होतं.

भुंकण्याचं वेगळं आहे. रात्रीचं भुंकणं दोन तऱ्हेचं असतं, दोन्हींना एकच औषध चालत नाही. आत ठेवल्या ठेवल्या जे सुरू होतं, मध्ये थांबून ‘कोणी येतंय का’ बघतं आणि पुन्हा चढतं, ते सोबतीसाठी. शांत झोपलेला कुत्रा मध्येच उठून गोल फिरतो, तळ हुंगतो, खरवडतो, बारीक रडतो, ते शूसाठी. पहिल्याला दार उघडायचं नाही, पण क्रेट आपल्या पलंगाशेजारी ठेवायचा, म्हणजे हात खाली सोडला की त्याला वास येतो. आठवडाभर शांत झोपला की दर दोन-तीन रात्रींनी हातभर लांब सरकवायचा. तुमच्याकडे क्रेट पहिल्या रात्रीपासून गॅलरीच्या दाराशी होता. खाली गल्लीतली कुत्री बाराला सुरू झाली की पॉमसारखं जागरूक जनावर गप्प कसं बसेल? त्यात वीस मिनिटं भुंकू दिलं आणि शेजाऱ्यांच्या भीतीने एकविसाव्या मिनिटाला बाहेर काढून मांडीवर घेतलं, तर वीस मिनिटं भुंकायचं हे तो पक्कं शिकतो. शेजारचे काका दार वाजवतात तेव्हा काय होतं याची आम्हाला कल्पना आहे, म्हणूनच पलंगाजवळ ठेवा असं दोनदा सांगितलं होतं. एक अपवाद मात्र आहे. तोंडातून लाळ गळतेय, धापा टाकतोय, दात-नखं गजांत अडकवतोय, असं दिसलं तर ती भीती. तेव्हा लगेच बाहेर काढायचं आणि दिवसा उघड्या दाराने पहिल्यापासून सुरुवात करायची: जेवण आत, दार पाच सेकंद बंद, मग अर्धा मिनिट, मग पाच मिनिटं.

शूच्या वेळा तुम्ही वहीत छान लिहिल्या होत्या: १:५०, २:१०, १:४५. पण अलार्म साडेतीनचा. अलार्म नेहमीच्या वेळेच्या अर्धा तास आधी लावायचा असतो, म्हणजे सव्वा वाजता. दिवा लावायचा नाही, बोलायचं नाही, पट्टा लावून ठरलेल्या जागी पाच मिनिटं उभं राहायचं. शू केली की हळू आवाजात शाबासकी, एक दाणा, परत आत. तीन रात्री कोरड्या गेल्या की अलार्म पंधरा मिनिटं पुढे. महिनाभरात तो पहाटेपर्यंत जातो. दहा दिवसांत फरक दिसतो असं आम्ही म्हणालो होतो, दहा दिवसांत सवय सुटते असं नाही. तसं ऐकू गेलं असेल तर ते लिहून द्यायला हवं होतं, यापुढे कागद देऊ.

शेवटचं सांगायला जड जातं. आजींचा जीव आहे पिल्लावर, ते दिसतं. पण रात्री साडेदहाला दूध-पोळी कुस्करून दिली की दोन वाजता पातळ शी होणारच, बऱ्याच कुत्र्यांना दूध पचत नाही. शेवटचं जेवण साडेसातला, पाणी साडेनऊपर्यंत, अकराला खाली एक फेरी. उपाशी मात्र ठेवू नका, एवढ्या लहान चणीच्या पिल्लाला ते झेपत नाही. उन्हाळ्यात पाणीही एवढं लवकर उचलू नका. क्रेट साध्या फिनाईलने पुसून वास जात नाही, आपल्याला गेला असं वाटतं, त्याच्या नाकाला तो तिथेच असतो. एन्झाइमचं क्लीनर दहा-पंधरा मिनिटं मुरू द्या, मग पुसा. गादी धुवा, क्रेटमध्ये असताना गळ्यात पट्टा ठेवू नका, गजात अडकतो. आणि दिवसाही थेंब थेंब शू होत असेल, रंग लालसर असेल किंवा पाणी खूप पीत असेल, तर आम्हाला नको, आधी डॉक्टरांना दाखवा. लघवीची तपासणी केल्याशिवाय अशा पिल्लाला शिस्त लावणं हा अन्याय होईल.

तुमच्या दोन भेटी बाकी आहेत, त्या आम्ही पूर्ण करणार. रिव्ह्यू ठेवला, काढला, तो तुमचा प्रश्न. वेळेचंही नीट बघतो. शनिवारी संध्याकाळी सहाला मी स्वतः येतो. नवा क्रेट परत करू नका, पैसे वाया जातील. त्याच्या खोक्यात एक सुटी जाळी आली होती, प्लास्टिक न काढलेली, चौथ्या भेटीला ती वॉशिंग मशीनच्या मागे उभी केलेली पाहिली होती. ती आडवी बसवून मागची बारा इंच बंद करता येतात, क्रेट चोवीसचाच होतो. तेवढी काढून ठेवा, आणि शू-पॅड आजच उचला.