शेवटची लेखणी कोणाच्या हातात?

बॉनला राहायला येऊन मला अकरा वर्षे झाली. राजधानी बर्लिनला गेल्यापासून ऱ्हाईनच्या काठावरचे हे शहर काहीसे सुस्तावले आहे. ट्रामने कामावर जाताना रोज निसर्गविज्ञानाचे एक जुने संग्रहालय लागते. १ सप्टेंबर १९४८ रोजी, पेंढा भरलेल्या प्राण्यांच्या त्या वास्तूत, पश्चिम जर्मनीची राज्यघटना लिहिणाऱ्या संसदीय परिषदेचे उद्घाटन झाले, कारण बॉम्बवर्षावानंतर एवढे मोठे, धड उभे असलेले सभागृह शहरात फारसे उरले नव्हते. मायदेशातल्या घटनेविषयीच्या वादांचे संदेश मी अनेकदा याच ट्राममध्ये वाचतो.

२०२४ च्या लोकसभा निवडणुकीत ‘घटना बदलणार’ या शब्दांभोवती महाराष्ट्रातला बराच प्रचार फिरला आणि तेव्हापासून आमच्या नातेवाइकांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटात हा विषय मिटलेला नाही. काहींच्या मते आपली घटना मुळात परदेशातून उसनी आणलेली आहे. इतरांना तिच्या एका अक्षराला लागलेला हातही खपत नाही. मात्र परदेशी संस्था, परदेशी निधी, परदेशी अहवाल हे शब्द निघाले की दोन्ही बाजूंचे एकमत होते: आमच्या घरातल्या गोष्टींत बाहेरच्याने बोलू नये. परदेशी देणग्यांवर नियंत्रण ठेवणारा कायदा १९७६ मध्ये झाला, २०१० मध्ये नव्याने आला आणि २०२० मध्ये आणखी आवळला गेला. सरकारे वेगवेगळ्या पक्षांची होती, संशय मात्र तोच राहिला.

हा संशय निराधार आहे, असे मी इथे राहून म्हणू शकत नाही, कारण आणखी दोन देशांच्या घटनात्मक इतिहासाला बॉनचे नाव चिकटलेले आहे आणि त्यांतला एकही अभिमानाने सांगावा असा नाही.

बोस्नियाची राज्यघटना म्हणजे १९९५ च्या डेटन शांतता कराराचे चौथे परिशिष्ट. अमेरिकेतल्या एका हवाई तळावर झालेल्या वाटाघाटींतून ते निघाले आणि मुळात इंग्रजीत लिहिले गेले. युद्ध थांबले, हे त्याचे श्रेय मोठे आहे आणि ते कोणी नाकारू नये. पण राष्ट्राध्यक्षपद बोस्नियाक, क्रोएट आणि सर्ब अशा तिघांत वाटल्यामुळे ज्यू किंवा रोमा नागरिकाला त्यासाठी उभेच राहता येत नाही. मानवी हक्कांच्या युरोपीय न्यायालयाने डिसेंबर २००९ मध्ये ही तरतूद भेदभावाची ठरवली. त्या निकालाला दीड दशक उलटून गेले तरी तरतूद तशीच आहे. दुरुस्ती व्हायची तर ज्या तीन गटांना तिचा लाभ मिळतो, त्यांनीच ती करायला हवी. डिसेंबर १९९७ मध्ये बॉनजवळच्या बैठकीत करारावर देखरेख करणाऱ्या आंतरराष्ट्रीय प्रतिनिधीला तिथले कायदे थेट लागू करण्याचे आणि निवडून आलेल्या पदाधिकाऱ्यांना काढून टाकण्याचे अधिकार मिळाले. त्यांना आजही ‘बॉन अधिकार’ म्हणतात. २०२१ मध्ये या पदावर आलेल्या जर्मन राजकारण्याने २ ऑक्टोबर २०२२ रोजी, मतदान संपल्यावर काही वेळातच, निवडणूक कायद्यात बदल जाहीर केले. बदल कदाचित योग्यही असतील. परंतु मत देऊन घरी परतलेल्या मतदाराला त्या संध्याकाळी काय वाटले असेल, याचा विचार आमच्या इकडच्या वृत्तपत्रांत फारसा दिसला नाही.

अफगाणिस्तानची कहाणी इतकी ताजी आहे की ती थोडक्यात सांगितली तरी पुरते. डिसेंबर २००१ मध्ये याच परिसरातल्या टेकडीवरच्या हॉटेलात बॉन करार झाला, त्यातून नव्या घटनेचा कार्यक्रम ठरला आणि जानेवारी २००४ मध्ये काबूलच्या लोया जिरग्याने, म्हणजे देशभरच्या प्रतिनिधींच्या पारंपरिक महासभेने, ती संमत केली. मसुद्याच्या आधीच्या टप्प्यात असलेले पंतप्रधानपद वगळून जवळजवळ सगळी सत्ता राष्ट्राध्यक्षाकडे गेली. मदत करणाऱ्या देशांना बोलणी करायला एकच बलवान माणूस सोयीचा वाटत होता, असे माझे मत आहे. ऑगस्ट २०२१ मध्ये त्या पदावर असलेला माणूस देश सोडून गेला आणि घटनेच्या बाजूने उभे राहायला कोणी उरले नाही.

मग जर्मनीचेच कसे जमले? इथेही दोस्त राष्ट्रांच्या लष्करी गव्हर्नरांनी जुलै १९४८ मध्ये अकरा प्रांतांच्या मुख्यमंत्र्यांच्या हातात अटींचे कागद दिले होते: राज्य संघराज्य हवे, नागरिकांच्या हक्कांची हमी हवी, आणि शेवटी मंजुरी आमची. आमच्या गटातील कोणत्याही काकांनी त्याला सरळ गुलामगिरी म्हटले असते. पण मुख्यमंत्र्यांनी ‘राज्यघटना’ हा शब्दच नाकारला, कारण त्याने देशाच्या फाळणीवर शिक्का बसला असता. ‘मूलभूत कायदा’ हे तात्पुरते नाव त्यांनी पुढे केले आणि ते मान्य करून घेतले. करवसुलीच्या अधिकारांवरून गव्हर्नरांशी १९४९ च्या वसंतात चांगलीच ओढाताण झाली. चौकट बाहेरून आली होती, पण तिच्यात भरण्यासाठी १८४९ चा अयशस्वी मसुदा, हिटलरच्या आधीच्या वायमार प्रजासत्ताकाचा अनुभव आणि त्याच्या चुकांची लाज, हे सगळे भांडवल घरचे होते. अटी घालणाऱ्याशी भांडण्याइतके घरात कोणी आहे का, हा प्रश्न मला पैसा कुठून आला यापेक्षा महत्त्वाचा वाटतो.

उसनेपणाच्या आरोपाला बाबासाहेब आंबेडकरांनी ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेतच उत्तर दिले होते: घटनेच्या मूलभूत कल्पनांवर कोणाचे पेटंट नसते आणि उसने घेण्यात लाज वाटण्यासारखे काही नाही. त्याच्या आदल्या वर्षी घटनात्मक सल्लागार बी. एन. राव अमेरिका, कॅनडा, आयर्लंड आणि ब्रिटनला जाऊन तिथल्या जाणकारांना भेटून आले होते. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती फेलिक्स फ्रँकफर्टर यांनी, कायदा स्वतः न्याय्य आहे का हे न्यायालयाला तपासू देणारे आणि म्हणून न्यायालयांवर फार भार टाकणारे ‘ड्यू प्रोसेस’चे तत्त्व घेऊ नका, असे सुचवले. अखेर जीवित आणि व्यक्तिस्वातंत्र्याच्या हक्काच्या कलम २१ मध्ये ‘कायद्याने प्रस्थापित केलेली कार्यपद्धती’ ही शब्दयोजना आली, आणि ती जपानच्या घटनेतली होती, म्हणजे अमेरिकी अधिकाऱ्यांनीच काही दिवसांत लिहून दिलेल्या मसुद्यातून उतरलेल्या घटनेतली! १९७८ च्या मनेका गांधी खटल्यात आपल्या सर्वोच्च न्यायालयाने कार्यपद्धती न्याय्य आणि वाजवीही असली पाहिजे, असे ठरवून तो सल्ला जवळजवळ बाजूला सारला. सल्ला आपण मागितला होता, घेतला आपण आणि निरुपयोगी वाटल्यावर बदललाही आपणच.

घटनेचा गाभा संसदेलाही बदलता येत नाही, या ज्या ‘मूलभूत चौकटी’च्या सिद्धान्ताची ग्वाही आमच्या गटात रोज दिली जाते, त्याचा एक धागा जर्मनीतच निघतो. हायडेलबर्गचे दीत्रिश कोनराड यांनी फेब्रुवारी १९६५ मध्ये बनारस हिंदू विद्यापीठात घटनादुरुस्तीच्या अधिकाराला अंगभूत मर्यादा असतात, असे व्याख्यान दिले. त्यामागे जर्मन मूलभूत कायद्यातील, काही तत्त्वे कधीच न बदलता येण्याच्या कलमाचा अनुभव होता. तो युक्तिवाद वकिलांमार्फत गोलकनाथ खटल्यात पोहोचला आणि १९७३ च्या केशवानंद भारती निकालात त्याला भारतीय रूप मिळाले. परदेशी प्राध्यापकाने एक व्याख्यान दिले. त्यामागे कोणता निधी नव्हता, अट नव्हती, अहवाल नव्हता.

आपण मात्र शेजाऱ्यांशी नेहमी असे वागलेलो नाही. सप्टेंबर २०१५ मध्ये नेपाळची घटना जाहीर व्हायला दोन दिवस उरले असताना आपले परराष्ट्र सचिव काठमांडूला पोहोचले. भारताला लागून असलेल्या तराईतल्या मधेशींच्या तक्रारी खऱ्या होत्या, पण घटना सभेचे मतदान होऊन गेले होते. त्यानंतर काही महिने सीमेवर मालवाहतूक खोळंबली. भारताने नाकेबंदीचा इन्कार केला, पण नेपाळी सहकाऱ्याशी बोलताना तो इन्कार मला अद्याप नीट करता आलेला नाही. बाहेरच्याने बोलू नये, हा आपला नियम तेव्हा कुठे गेला होता?

केनियाने २००८ मध्ये कायदा करून नऊ तज्ज्ञांची समिती नेमली, तेव्हा त्यांतले तिघे परदेशी होते: झांबिया, युगांडा आणि दक्षिण आफ्रिकेचे. जागा त्यांना केनियाच्या कायद्याने दिली आणि ऑगस्ट २०१० च्या सार्वमतात सुमारे दोन तृतीयांश मतदारांनी घटना स्वीकारली. उलट ट्युनिशियात २०१४ ची घटना बाहेरच्या तज्ज्ञांच्या टिपणांसह नावाजली गेली, तरी २०२२ मध्ये राष्ट्राध्यक्षांनी ती बदलताना, टीका करणाऱ्या व्हेनिस आयोगाच्या, म्हणजे घटनाविषयक सल्ला देणाऱ्या युरोपीय मंडळाच्या, सदस्यांना देश सोडायला सांगितले आणि कोणी फारसे काही करू शकले नाही.

जर्मनीच्या मूलभूत कायद्यात कलम १४६ आजही आहे: जर्मन जनतेने मुक्त निर्णयाने संमत केलेली राज्यघटना ज्या दिवशी अमलात येईल, त्या दिवशी हा कायदा संपेल. १९९० च्या एकीकरणात ही संधी होती, पण पूर्वेकडचे प्रांत नवी घटना न लिहिता याच कायद्याखाली सामील झाले. माझ्या कार्यालयातल्या लाइपझिगच्या एका सहकारिणीला ती गोष्ट अजून डाचते. आम्हाला विचारायला हवे होते, असे ती म्हणते, आणि कायदा चांगला आहे हेही त्याच वाक्यात कबूल करते.