‘शिखरं गोऱ्यांनी जिंकली, आपण ओझी वाहिली’: या फॉरवर्डला उत्तर

मे उजाडला की संभाजीनगर, जालना, परभणीकडच्या ट्रेकिंग ग्रुपांवर एक फॉरवर्ड हमखास फिरतो. मजकूर असा: आठ हजार मीटरवरची चौदाही शिखरं युरोपियनांनी पहिल्यांदा सर केली, एव्हरेस्ट ब्रिटिशांना मिळालं ते त्यांच्या जिगरीमुळे, आपली माणसं नुसती ओझी वाहत होती, आणि १९५३ नंतर देशादेशांतली चढाओढ संपली. अंतूर-वेताळवाडीचे किल्ले करणारी पोरंही त्याला अंगठे देतात, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

चौदाचा हिशोब सरळ आहे. मनास्लू १९५६ मध्ये जपानी मोहिमेनं, गाशेरब्रुम-१ १९५८ मध्ये अमेरिकनांनी आणि शिशापांग्मा १९६४ मध्ये चीननं पहिल्यांदा सर केलं. विषय संपला.

ब्रिटिशांची जिगर कोण नाकारतंय? पण १९२१ पासून महायुद्धापर्यंत एव्हरेस्टची वाट तिबेटमधून जायची आणि ल्हासाचा होकार हिंदुस्थानातल्या ब्रिटिश सरकारमार्फत यायचा. बाकीचे देश दाराबाहेर. जर्मनांनी नंगा पर्बत धरला. तिथे १९३७ मध्ये एकाच हिमप्रपातात सात जर्मन आणि नऊ शेर्पा गेले. पुढे तिबेट बंद झालं, नेपाळ उघडलं, आणि १९५२ चे दोन्ही मोसम स्विसांना मिळाले. त्या वसंतात रेमंड लँबर्ट आणि तेनसिंग सुमारे ८,६०० मीटरपर्यंत गेले. त्यांचे ऑक्सिजन संच असे, की थांबलं तरच त्यातून नीट श्वास घेता येई. चालताना पाठीवर ओझं तेवढं. १९५४ चा परवाना फ्रेंचांकडे होता. म्हणजे १९५३ हुकलं तर शिखर गेलंच, ही धास्ती लंडनला होती. म्हणूनच एरिक शिप्टनसारख्या मुरलेल्या माणसाला बाजूला सारून नेतृत्व लष्करातल्या जॉन हंटकडे दिलं. एवढं करून माथ्यावर पोचले कोण? न्यूझीलंडचा हिलरी आणि तेनसिंग. इंग्लंडचा एकही नाही!

आता ओझ्यांचं. तेनसिंग त्या मोहिमेत सरदार, म्हणजे शेर्पांचा म्होरक्या, तर होताच, शिवाय गिर्यारोहक सदस्यही होता. चो ओयूच्या पहिल्या चढाईत पासांग दावा लामा होता, मनास्लूच्या पहिल्या चढाईत ग्याल्झेन नोर्बू. आणि ज्यांनी खरोखर ओझी वाहिली त्यांचं काय झालं, तेही फॉरवर्डवाल्यांनी वाचावं. १९५४ मध्ये इटालियन मोहिमेत के-२ वर पाकिस्तानच्या उत्तरेकडल्या हुंझाचा अमीर महदी आणि इटलीचा वॉल्टर बोनाटी शेवटच्या चढाईचे ऑक्सिजन सिलिंडर घेऊन वर गेले, तर ठरलेल्या जागी तंबूच नव्हता. पुढच्या जोडीनं तो आणखी वर, आडबाजूला लावला होता. सुमारे ८,१०० मीटरवर दोघांनी तंबूविना रात्र काढली. दुसऱ्या दिवशी त्याच सिलिंडरांवर इटलीचा झेंडा माथ्यावर गेला. महदीच्या पायाची बोटं कापावी लागली. याला ‘नुसती ओझी’ म्हणायला जीभ कशी रेटते, काय की.

१९५३ नंतर चढाओढ संपली, हे तर साफ चूक. मे १९६० मध्ये एव्हरेस्टच्या दक्षिणेला भारताची मोहीम होती आणि उत्तरेला चीनची. त्याच वर्षी शिखर कुणाच्या हद्दीत यावरून चीन-नेपाळची बोलणी चालू होती. चिनी माथ्यावर पोचले ते पहाटेच्या अंधारात, त्यामुळे तिथला फोटो नाही, आणि पाश्चात्त्य देशांनी कित्येक वर्षं ते मानलं नाही. आपले सोनम ग्यात्सो, नवांग गोंबू आणि नरेंद्र कुमार शेवटच्या दोनेकशे मीटरवरून वादळामुळे परतले. १९६५ मध्ये मोहनसिंग कोहलींच्या मोहिमेतले नऊजण पोचले. त्याच वर्षी, चीनच्या अणुचाचणीवर नजर ठेवायला, अमेरिकेच्या सीआयए या गुप्तचर संस्थेसोबत नंदादेवीवर अणुऊर्जेवरचं यंत्र नेण्यात आलं. तेही कोहलींच्याच नेतृत्वाखाली. ते यंत्र तिथेच हरवलं.

सियाचीनचा वादही आधी गिर्यारोहणाच्या परवान्यांवर चालला. सत्तरच्या दशकात पाकिस्तान त्या भागातल्या शिखरांचे परवाने जपानी आणि इतर मोहिमांना देत होता. परवाना देणारा तोच मालक, असा त्याचा अर्थ लागायचा. भारतानं १९७८ मध्ये उत्तर म्हणून लष्कराचीच गिर्यारोहण मोहीम पाठवली, आणि १३ एप्रिल १९८४ ला ऑपरेशन मेघदूत, म्हणजे सियाचीन ताब्यात घ्यायची भारताची लष्करी कारवाई, सुरू झालं. १९७८ च्या मोहिमेचा नेता होता कर्नल नरेंद्र कुमार: १९६० ला परतलेल्या तिघांतला एक.