फीची चौकशी नंतर, आधी दहावीचं गुणपत्रक आणि आधार कार्ड शेजारी ठेवा

मुक्त विद्यापीठात नाव घालायचं ठरलं की घरात पहिली चौकशी फीची होते. लग्न झालेल्या बाईने त्याआधी दोन कागद शेजारी ठेवून बघावेत: दहावीचं गुणपत्रक आणि आधार कार्ड. गुणपत्रकावर माहेरचं आडनाव, मधे वडिलांचं नाव. आधारवर नवऱ्याचं नाव आणि सासरचं आडनाव, कधीकधी पहिलं नावही बदललेलं. २०२४ पासून दूरशिक्षणाच्या प्रवेशाला डेब आयडी लागतो, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या दूरशिक्षण विभागाचा ओळख क्रमांक. त्याला आधी एबीसी आयडी, म्हणजे शैक्षणिक नोंदींच्या ऑनलाइन खात्याचा क्रमांक लागतो, आणि तिथे नाव येतं आधारवरून. विद्यापीठ पात्रता तपासतं ती मात्र गुणपत्रकावरून. दोन्हींचा मेळ बसला नाही की अर्ज त्रुटीत जातो, आणि त्रुटी दुरुस्त होईपर्यंत प्रवेशाची मुदत संपून गेलेली असते.

म्हणून हे काम प्रवेश सुरू होण्याच्या दोन-तीन महिने आधी हाती घ्या. लग्नाची नोंदणी झालेली नसेल तर ती करा, म्हणजे दोन्ही नावं एकाच बाईची असल्याचा कागद हाती राहतो. गावात ग्रामपंचायतीत, शहरात नगरपालिकेत किंवा महापालिकेत. लग्नाला बरीच वर्षं उलटली असली तरी विलंब शुल्क भरून नोंदणी होते. पहिलं नावही बदललेलं असेल तर राजपत्रात नावबदल प्रसिद्ध करून घ्यावा. आधारवरचं नाव आयुष्यात फक्त दोनदा बदलता येतं, त्यामुळे कुणी सांगितलं म्हणून लगेच आधार केंद्रावर धावू नका. बँक, पॅन, रेशन कार्ड यांच्यावरही त्या बदलाचा परिणाम होतो.

माझं मत विचाराल तर पदवी दहावीच्या नावानेच घ्यावी. नोकरीच्या वेळी कागदपत्रांची पडताळणी होते तेव्हा दहावी, बारावी, पदवी हे सगळे कागद एका नावाचे असले की पुढचे निम्मे हेलपाटे वाचतात. लग्नानंतर आडनाव बदललंच पाहिजे असा कायदा नाही. सासरच्यांना हे आधीच शांतपणे सांगून टाकावं.

दुसरी चूक घडते ती फॉर्म भरून देणाऱ्या केंद्रात. तिथला मुलगा घाईत स्वतःचा ईमेल टाकतो, नंबर नवऱ्याचा दिला जातो. मग ओटीपी नवऱ्याच्या फोनवर आणि तो कामावर. हॉलतिकीट आल्याचं, स्वाध्यायाची, म्हणजे घरी लिहून जमा करायच्या उत्तरांची, तारीख जवळ आल्याचं बाईला कळतच नाही. स्वतःचं सिम, स्वतःचा ईमेल, आणि दोन्हींचे पासवर्ड वहीच्या पहिल्या पानावर. याला पर्याय नाही.

आता तासांचा हिशेब, कारण बहुतेकींचं शिक्षण इथेच सुटतं. दूरशिक्षणात एक श्रेयांक (क्रेडिट) म्हणजे ३० तासांचा अभ्यास. तीन वर्षांच्या पदवीचे १२० श्रेयांक, म्हणजे ३६०० तास. तीन वर्षं रोज जवळपास सव्वातीन तास. केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर पाहणीत स्वतःच्या घरचं काम करणाऱ्या स्त्रियांचे त्यात दिवसाला सरासरी २८९ मिनिटं जातात, पुरुषांचे ८८. मुलाबाळांचं आणि म्हाताऱ्या माणसांचं करणं त्यात धरलेलं नाही, ते वेगळं. अशा दिवसात सव्वातीन तास आपोआप निघत नाहीत, कुणीतरी ते काम उचलावं लागतं. प्रवेश घेतानाच घरात बसून ठरवा: संध्याकाळचा स्वयंपाक आठवड्यातले कुठले दिवस कोण करणार, रविवारी संपर्कसत्राला, म्हणजे केंद्रावरच्या वर्गाला, गेल्यावर मुलं कोणाकडे. "शीक की, आम्ही कुठे अडवतोय" एवढ्याने अभ्यास होत नाही.

२०२०-२१ च्या अखिल भारतीय उच्च शिक्षण सर्वेक्षणात दूरशिक्षणाचे ४५.७१ लाख विद्यार्थी होते, त्यांत स्त्रिया २०.९ लाख, म्हणजे शेकडा ४६ च्या आत. एकूण उच्च शिक्षणात हेच प्रमाण ४९ च्या जवळ होतं. रोज कॉलेजला जावं लागत नाही तिथे बायका जास्त दिसायला हव्यात, दिसतात कमी. मला याचं कारण वरच्या तासांतच दिसतं.

तास कमी पडत असतील तर वर्षं वाढवा. इग्नूची (इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाची) तीन वर्षांची पदवी सहा वर्षांपर्यंत पुरी करता येते. सगळे विषय एकदम परीक्षेला लावून चार राहण्यापेक्षा दोनच लावून दोन्ही काढलेले बरे. मात्र पुढच्या वर्षाची पुनर्नोंदणी आणि परीक्षेचा अर्ज या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, दोन्हींच्या तारखा वेगळ्या, शुल्कही वेगळं. एक भरलं म्हणजे दुसरं झालं असं समजून अनेकींचं सत्र वाया जातं. स्वाध्यायही वेळेत द्या. लेखी परीक्षेत पास झालात आणि स्वाध्याय दिला नसेल, तर तो विषय अपूर्णच राहतो. प्रश्न सत्रानुसार बदलतात, मैत्रिणीची जुनी वही उतरवून उपयोग नाही. जमा केल्याची पावती निकाल लागेपर्यंत सांभाळा.

विषय निवडताना एक नवी अडचण आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२५ च्या जुलै-ऑगस्ट सत्रापासून मानसशास्त्र, पोषणशास्त्र असे आरोग्याशी जोडलेले अभ्यासक्रम दूरशिक्षणातून बंद केले. बायकांना जवळचे वाटणारे हे विषय होते. जुन्या माहितीपत्रकावर विसंबू नका, आयोगाच्या संकेतस्थळावर त्या विद्यापीठाच्या त्या अभ्यासक्रमाला त्या वर्षाची मान्यता आहे का ते बघूनच पैसे भरा. मराठीतून बी.ए. करायचं असेल तर नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ आहेच.

राज्य सरकारकडे माझी मागणी साधी आहे. २०२४ मध्ये मुलींना शुल्कमाफी दिली, ती केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून आलेल्या व्यावसायिक अभ्यासक्रमांना. पस्तिशीत बी.ए. करणारी बाई त्यात बसत नाही. तिलाही ती द्या.

परीक्षेचंही पाहा. इग्नूच्या परीक्षा जून आणि डिसेंबरमध्ये. जूनमध्ये पेरणी आणि मुलांच्या शाळा, डिसेंबरमध्ये कापसाची वेचणी. बीडकडच्या ऊसतोड बायका तर तेव्हा गावातच नसतात. त्यांना हे कुणीतरी सांगायला हवं: परीक्षेचा अर्ज भरताना केंद्र आपण निवडायचं असतं. ते घराजवळचंच हवं असं नाही, कारखान्याजवळच्या शहरातलं केंद्रही टाकता येतं.