सुशी घरी मागवू नये म्हणे!

सुशी, म्हणजे व्हिनेगर घातलेला भात आणि बहुतेकदा कच्चा मासा असलेला जपानी पदार्थ, 'कधीही घरी मागवू नका' असा एक मजकूर सतत पुढे पाठवला जातो. त्यातली कारणं साधारण अशी: मासा त्याच दिवशीचा हवा, गोठवलेला मासा म्हणजे शिळा, डब्यात भरली की सुशी बिघडते, आणि मागवायचीच असेल तर सर्वाधिक तारे मिळालेलं ठिकाण निवडा. या सल्ल्यामुळे लोक नको त्या गोष्टीला घाबरतात आणि खरोखर जपायला हवं तिथे बेफिकीर राहतात.

सर्वांत घातक मुद्दा गोठवण्याचा, म्हणून तो आधी घेऊ. समुद्रातल्या कच्च्या माशात अनिसाकिससारखे परजीवी असू शकतात आणि ते मारण्यासाठीच मासा गोठवतात. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाच्या मार्गदर्शनानुसार तो उणे 20 अंश सेल्सियसला 7 दिवस ठेवावा, किंवा उणे 35 अंशांना गोठवून त्याच तापमानात 15 तास ठेवावा. युरोपीय संघाच्या नियमात उणे 20 अंशांना किमान 24 तास सांगितले आहेत. ट्यूनाच्या काही जाती आणि नियंत्रित खाद्यावर वाढवलेला सॅमन यांना सूट मिळते. त्यामुळे 'आमच्याकडे गोठवलेलं काहीच नसतं' असं कुणी अभिमानाने सांगितलं, तर कोणकोणता मासा वापरता आणि परजीवींसाठी काय काळजी घेता, हे जरूर विचारा. गोठवल्याने सगळेच धोके मात्र टळत नाहीत. बरेचसे जिवाणू थंडीत फक्त वाढायचे थांबतात, आणि ट्यूनासारख्या माशात एकदा तयार झालेलं हिस्टामिन हे अपायकारक द्रव्य गोठवून काय, शिजवूनही जात नाही. म्हणून मासा वितळल्यापासून तुमच्या दारात येईपर्यंत किती थंड राहिला, हा खरा प्रश्न आहे.

'त्याच दिवशीचा मासा' हा आग्रह तर सुशीच्या इतिहासातही बसत नाही. तिचं जुनं रूप नारेझुशी. त्यात मासा मीठ आणि भातात महिनोन्महिने आंबवत. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला एदोमध्ये, म्हणजे आजच्या तोक्योत, निगिरी (भाताच्या छोट्या मुटक्यावर माशाचा काप) लोकप्रिय झाली, तेव्हाही शीतकपाटं नव्हती. कोहादा हा छोटा मासा मीठ आणि व्हिनेगरमध्ये मुरवत, ट्यूना सोया सॉसमध्ये. आजही अनेक कारागीर ट्यूना काही दिवस थंडाव्यात ठेवून मगच वापरतात, कारण चव तशी खुलते.

डब्याच्या मुद्द्यात तथ्य आहे, पण अर्धंच. जपानमध्ये घरपोच सुशीची जुनी पद्धत आहे, तिला देमाए म्हणतात. नारा भागातली काकिनोहा-झुशी पर्सिमनच्या पानात गुंडाळलेली असते आणि प्रवासात छान टिकते. अडचण येते ती भात आणि मासा यांच्या वेगवेगळ्या गरजांमुळे. भात अंगाच्या उबेइतका असला की मऊ राहतो, फ्रिजमध्ये त्यातला स्टार्च घट्ट होऊन दाणे कडक होतात. मासा मात्र थंडच हवा. भातातलं व्हिनेगर भाताला जपतं, वरच्या माशाला नाही. थंड ठेवायचा पदार्थ बाहेर दोन तासांपेक्षा जास्त राहू नये, हवा 32 अंशांच्या वर असेल तर एकच तास, हा अमेरिकेतल्या अन्नसुरक्षेचा नियम आहे. म्हणूनच सुशीच्या बाबतीत लांबच्या नावाजलेल्या ठिकाणापेक्षा जवळचं बरं ठिकाण निवडावं, असं मला ठामपणे वाटतं. चालत जाऊन आणता आली तर त्याहून चांगलं.

काय मागवायचं, हेही तितकंच महत्त्वाचं. हँडरोल, म्हणजे हातात धरून खायची शंकूसारखी गुंडाळी, त्यातली नोरी (समुद्री शेवाळाचा पातळ कागदासारखा पापुद्रा) वाटेतच दमट होऊन चिवट होते. ती वेगळी बांधून देत असतील तरच घ्या. तळलेल्या कोळंबीचा रोल कुरकुरीत पोहोचेल ही अपेक्षा सोडा. काकडीचा माकी (नोरीत गुंडाळलेला रोल), इनारी (तळलेल्या टोफूच्या पिशवीत भरलेला भात), दाबून बनवलेली ओशिझुशी, शिजवलेला ईल मासा, अंड्याची तामागो हे प्रकार प्रवास चांगला सोसतात.

ताऱ्यांवरून फारसं कळत नाही. त्यात डिलिव्हरीचा उशीर, सांडलेला सॉस, सवलत असं सगळं मिसळलेलं असतं. त्यापेक्षा नव्या ठिकाणाहून पहिल्यांदा अगदी थोडं मागवा: एक काकडीचा माकी, थोडी तामागो, सॅमनच्या दोन निगिरी. आधी भात बघा. दाणा दाण्यापासून वेगळा दिसतो का, तरी उचलताना घास एकसंध राहतो का, आंबट-गोड-खारट यांचा तोल आहे का? भात गार, कडक किंवा लगदा झालेला असेल तर महागडा मासाही त्या घासाला वाचवू शकत नाही. मासा ओलसर, थंड आणि घट्ट हवा. उग्र वास आला तर खाऊ नका. मागवायची वेळही जपा: स्वयंपाकघर गर्दीत बुडण्याआधीची ऑर्डर सहसा नीट बांधली जाते.

एका बाबतीत मात्र घाबरवणाऱ्यांचं बरोबर आहे. गरोदर बाईने, किंवा प्रतिकारशक्ती कमी असलेल्या कुणीही, कच्च्या माशाचे प्रकार टाळावेत, मग ते घरी आलेले असोत की दुकानात बसून खाल्लेले. त्यांच्यासाठी शिजवलेल्या आणि भाज्यांच्या सुशीची ऑर्डर वेगळ्या डब्यात मागवावी.