संत्र्याच्या फोडी आणि बंद रस्ता

डिसेंबर उजाडला की आमच्या दहावीच्या ग्रुपवर ठरलेलं रडगाणं सुरू होतं. यंदा सुरुवात बंड्याने केली. रविवारी सकाळी आईला डायलिसिसला न्यायचं होतं आणि पुण्याच्या मॅरेथॉनमुळे रस्ता बंद. दहा मिनिटांच्या अंतराला तासभर लागला. खाली त्याने लिहिलं, "रस्ता काय यांच्या बापाचा आहे? पैसेवाल्यांचे चोचले, आणि बक्षिसं न्यायला केनिया-इथिओपियाचे पाहुणे." त्यावर बावीस अंगठे.

मी अमेरिकेत, बॉस्टनजवळच्या नेटिकमध्ये राहतो. बॉस्टन मॅरेथॉन आमच्या घरापासून चालत सात मिनिटांवर, रूट 135 वरून जाते. म्हणजे या विषयावर बोलायचा मला अधिकार आहे, असं मला तरी वाटलं. मी लांबलचक उत्तर लिहिलं.

लिहिलं की इथे 1897 पासून ही शर्यत चालू आहे. पहिल्या वर्षी सुटायच्या रेषेवर जेमतेम पंधरा जण होते. आज हॉपकिंटनपासून बॉयल्स्टन स्ट्रीटपर्यंत आठ गावांचे रस्ते एका दिवसासाठी बंद होतात आणि कोणी चकार शब्द काढत नाही. उलट लोक खुर्च्या टाकून बसतात, पोरं संत्र्याच्या फोडी घेऊन हात लांब करून उभी राहतात. वाटेतल्या वेलस्ली या मुलींच्या कॉलेजातला आरडाओरडा तर धावणाऱ्यांना म्हणे बराच आधीपासून ऐकू येतो. राहिला प्रश्न पाहुण्यांचा. पुण्याची मॅरेथॉन सुरेश कलमाडींनी सुरू केली ते साल 1983. त्याच वर्षी बॉस्टनला ग्रेग मायर जिंकला. त्यानंतर पुरुषांत दुसरा अमेरिकन जिंकायला 2014 उजाडलं, आणि तो मेब केफ्लेझिगी जन्माने इरिट्रियाचा. इथल्या लोकांना त्याचं काही वाटलं नाही. 2018 च्या त्या भयानक पावसात शाळेच्या कार्यालयात नोकरी करणारा जपानचा युकी कावाउची पहिला आला, तेव्हा मी छत्री धरून त्याच्यासाठी ओरडत होतो. माझा ना जपानशी संबंध, ना बॉस्टनशी.

चोचल्यांचंही खरं नाही. साताऱ्याच्या दुष्काळी माण तालुक्यातली ललिता बाबर मुंबई मॅरेथॉनमध्ये भारतीय महिलांत लागोपाठ तीनदा पहिली आली आणि पुढे रिओ ऑलिंपिकला स्टीपलचेसची, म्हणजे अडथळ्यांच्या शर्यतीची, अंतिम फेरी धावली. माणमध्ये कसले चोचले? त्याहून जुनी गोष्ट आपल्या डेक्कनची. 1919 साली डेक्कन जिमखान्याच्या स्पर्धेत दोराबजी टाटांनी शेतकऱ्यांची पोरं अनवाणी धावताना पाहिली, आणि त्यातून पुढच्या वर्षी अँटवर्प ऑलिंपिकला भारताचा संघ गेला. त्या संघातले बेळगावचे फडेप्पा चौगुले मॅरेथॉनमध्ये एकोणिसावे आले. मॅरेथॉन परकी म्हणणाऱ्यांनी जिमखान्यावर चहा प्यायचा बंद करावा, असंही लिहिलं. हे जरा जास्तच झालं, पण त्यालाच सगळ्यात जास्त अंगठे मिळाले.

शेवटी मी पालखीचा दाखला काढला. पालखी येते तेव्हा दोन दिवस निम्मं पुणं बंद असतं, तेव्हा कुठे जातो तुमचा बाप?

बंड्याचं उत्तर एका ओळीचं होतं. "अरे, पालखी आपली आहे. मॅरेथॉन कोणाची ते सांग."

मला लगेच सुचलं नाही. खरं म्हणजे अजून सुचलेलं नाही. लहानपणी आमच्या दारात आई वारकऱ्यांना राजगिऱ्याचे लाडू वाटायची. रस्ता बंद आहे हे आमच्या डोक्यातही यायचं नाही. आणि शाळेत असताना, मॅरेथॉनच्या त्या सगळ्या रविवारी, मी काय करत होतो? झोपलेला असायचो. एकदाही बघायला गेलो नाही. पुण्याच्या मॅरेथॉनची बाजू मी नेटिकमधून घेतोय आणि ती मी कधी पाहिलेलीच नाही.

माझ्या उत्तरात आणखीही बरंच गाळलं होतं. इथे मॅरेथॉन सोमवारी असते आणि त्या दिवशी पेट्रियट्स डेची सुट्टी असते, हे मी लिहिलं नाही. रस्ता किती वाजता बंद होणार नि किती वाजता उघडणार, हे आधीच पाट्यांवर लागतं. बंड्याला कोणी सांगितलं होतं? नियम पाळणाऱ्या ह्या शहराने 1972 पर्यंत बायकांना अधिकृत प्रवेश दिला नव्हता. 1967 साली 261 नंबर लावून धावणाऱ्या कॅथरीन स्वित्झरला संयोजकांपैकीच एकाने धरून ओढायचा प्रयत्न केला, हेही मी सोयीने विसरलो.

2013 साली अंतिम रेषेजवळ बॉम्बस्फोट झाले, तीन माणसं गेली. पुढच्या वर्षी सगळं गाव रस्त्यावर आलं होतं. घरातून निघताना बायको म्हणाली, "सॅक नको नेऊस." सॅक न आणण्याबद्दल सगळ्यांनाच सूचना होती. पण ती का म्हणाली, ते तिला कळत होतं आणि मलाही. मी संत्र्यांच्या फोडी पारदर्शक डब्यात भरून नेल्या. आणि जरा जास्तच जोरात ओरडलो.

"कोणी चकार शब्द काढत नाही" हेही खोटं. आमच्या शेजारच्या बाई ऐंशीच्या पुढच्या आहेत. दर एप्रिलला त्या ड्राइव्हवेमध्ये उभं राहून मॅरेथॉनच्या नावाने बोटं मोडतात. त्या दिवशी त्यांना बहिणीकडे जाता येत नाही. टाउन हॉलला त्या दरवर्षी पत्र लिहितात आणि त्याची प्रत मला वाचायला देतात. मी वाचतो, हसतो, मान डोलावतो. एकदा त्या म्हणाल्या, "तुम्हाला नाही का याचा त्रास होत?" मी म्हटलं, छे, मला तर फार आवडतं. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं आपण घरी आलेल्या पाहुण्याने तिसऱ्यांदा भाजीचं कौतुक केलं की त्याच्याकडे पाहतो.

एकोणीस वर्षं झाली. इथल्या टाउनला मी एकही तक्रारीचं पत्र लिहिलेलं नाही. बर्फ वेळेवर उचलला नाही तरी नाही, पाण्याचं बिल दुप्पट आलं तरी नाही. आणि हाच मी पुण्यात असताना महापालिकेला महिन्याला एक तरी पत्र खरडायचो. रस्ता बापाचा आहे का, असं विचारायलासुद्धा तो थोडा आपल्या बापाचा असावा लागतो.

ग्रुपवर मी पुढे काही लिहिलं नाही. दोन दिवसांनी बंड्याचा वेगळा मेसेज आला. वर्तमानपत्रासाठी त्याने पत्र लिहिलंय: मॅरेथॉन जरूर घ्या, पण रुग्णांसाठी एक रस्ता मोकळा ठेवा आणि वेळा आधी जाहीर करा. "तुझं मराठी बरं आहे, एकदा बघ," म्हणाला. आईच्या तब्येतीबद्दल विचारलं. मग पत्र वाचलं. 'रुग्णवाहिका'मधला रु दीर्घ होता, तो ऱ्हस्व केला, आणि तिसऱ्या परिच्छेदात आणखी दोन कडक वाक्यं घातली.