‘गुगल आहे ना, मग शिकवायचं काय?’ म्हणणाऱ्या फॉरवर्डला उत्तर

सध्या आपल्या जळगाव-धुळ्याकडच्या ग्रुपांवर एक मेसेज जोरात फिरतोय. म्हणे एका टचवर उत्तर मिळतं, मग शाळा-कॉलेजात माहिती शोधायला अन् तपासायला शिकवणं म्हणजे पोरांचा टाइम खाणं. आजची पोरं मोबाईलमध्ये जन्मजात हुशार. हे सगळं फॉरेनचं फॅड. आणि याला मार्क तरी कुठं आहेत. खाली अंगठ्यांची रांग. एकेक मुद्दा घेऊ.

एका टचवर उत्तर मिळतं, मान्य. पण कोणाचं उत्तर? २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या दोन वकिलांनी चॅटजीपीटीनं सांगितलेले जुने खटले कोर्टात जसेच्या तसे दिले, ते खटले कधी झालेच नव्हते, ५ हजार डॉलर दंड बसला. शिकलेले वकील होते हो, अकरावीची पोरं नव्हती.

पोरं जन्मजात हुशार, हा मुद्दा मला सगळ्यात खटकतो. रील बनवता येणं वेगळं अन् ती कोणी, कशाला बनवली हे ओळखता येणं वेगळं. अमेरिकेत स्टॅनफर्डच्या लोकांनी हे बघितलं, तिथली हुशार पोरं तर फसलीच, इतिहासाचे प्रोफेसरसुद्धा चकचकीत वेबसाइट बघून गंडले. बातम्या तपासणं हेच ज्यांचं काम ते मात्र त्या साइटवर रेंगाळलेच नाहीत, लगेच दुसरी टॅब उघडून ‘ही संस्था आहे कोणाची’ ते शोधलं. एवढीच युक्ती, आणि ती शिकवता येते.

अन् आपल्याला तर अमेरिकेत जायची पण गरज नाही. १ जुलै २०१८, साक्री तालुक्यातलं राईनपाडा. भिक्षा मागत फिरणाऱ्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना पोरं पळवणारी टोळी समजून जमावानं ठार मारलं, मागे व्हॉट्सअ‍ॅपवरच्या अफवा. त्या वर्षी देशभर फिरलेला एक व्हिडिओ आठवतोय का, बाइकवाले रस्त्यावरून पोर उचलून नेतात तो? तो कराचीतल्या जनजागृतीच्या फिल्मचा तुकडा होता, पोराला परत आणून सोडतात तो शेवट कापून टाकलेला. व्हिडिओ थांबवायचा, स्क्रीनशॉट काढून इमेज सर्चला टाकायचा, बस. पण हे करायचं असतं हे आधी कोणीतरी सांगायला तर पाहिजे ना!

फॉरेनचं फॅड? धुळ्यात राहून हे बोलता? इतिहासाचार्य राजवाडे १९२६ ला धुळ्यातच वारले, पुढच्याच वर्षी त्यांच्या नावानं तिथं संशोधन मंडळ निघालं. बखरीत लिहिलंय म्हणून खरं, असं न मानता गावोगाव वाड्यांतले अस्सल कागद शोधत फिरले तो माणूस. मूळ कागद बघणं आपल्याकडं तेव्हापासून आहे.

राहिले मार्क. ॲडमिशनच्या अन् स्कॉलरशिपच्या दिवसांत फसव्या लिंका येतात तेव्हा काय करायचं? ‘पत्त्यात जीओव्ही डॉट इन असेल तरच खरं’ एवढं पाठ करून भागत नाही. सरकारी स्कॉलरशिपच्या महाडीबीटी साइटला ते लागू पडतं, पण राज्याच्या प्रवेश परीक्षा घेणाऱ्या सीईटी सेलची खरी साइट डॉट ओआरजीवाली आहे. म्हणजे पाठांतर नाही, पडताळणी जमली पाहिजे. पोरानं खोट्या फॉर्मवर आधार नंबर अन् बापाच्या खात्याचा ओटीपी भरला, तर त्याचे मार्क कोणत्या पेपरात धरायचे ते मेसेज टाकणाऱ्या आप्पांनीच सांगावं.